जेवली का

दवाखान्यात नंबराची वाट पाहत हंसाबाई बसली होती. शेजारी बाप-लेक, मधे चाकाच्या खुर्चीत लकवा मारलेली आई.

"जया, डोक्यात भाषा कशी राह्यते, यावरच बारा वर्षं घातली नं तू? मंग तुही माय मराठी काहून विसरली?"

"कधीकधी पहिली शिकलेली भाषाच तेवढी उरते, बाबा."

"मंग बोल नं तिच्याशी आपली बंजाऱ्याची गोरबोली."

"येते कुठं मला? शाळेत पोरं हसतील म्हणून घरात बोलले की तुम्हीच थापड मारायचे."

आई लेकीकडे पाहत काही पुटपुटली.

"काय म्हणाली?"

"जेवली का, इचारते."

जया हंसाबाईकडे वळली. "मावशी, तुम्ही तांड्यावरच्या दिसता. खरंच असं म्हणाली ती?"

आईने विचारलं होतं, ही बाई कोण?

"हो माय," हंसाबाई म्हणाली, "जेवली का, असंच इचारलं."