मुठेतले जंतू आणि माझा अंगठा

...आणि वर मलाच म्हणतात, "वाहतं पाणी आहे, साहेब, आपोआप साफ होतं!" अहो, मग माझ्या पायाचा अंगठा जायची वेळ का आली? तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं बातमीदारी केली, मोर्चात लाठ्या खाल्ल्या, पण असा अपमान नाही झाला. तोही कुणाकडून? डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंकडून!

झालं काय, ऋचा नावाची संशोधक मुलगी मुठा नदीतल्या गाळाचे नमुने भरत होती. मी बातमीला गेलो. शहाण्या माणसानं काठावरून विचारावं की नाही? पण नवीन पोरांना आयुष्यभर शिकवत आलो ना, बातमी काठावरून लिहू नये! काढले बूट, उतरलो... अन् खचकन् काच! अंगठ्यात!

"काका, आधी डॉक्टरकडे जा," ऋचा म्हणाली. मी कसला जातो! शेजारच्या दिगंबररावांकडे डबा आहे, अख्ख्या सोसायटीच्या उरलेल्या गोळ्यांचा. बरं वाटलं की कोर्स बंद, उरलेलं डब्यात, वाया काही घालवायचं नाही! "वाहत्या पाण्यातली जखम हो, काही होत नाही. ही घ्या, आमच्या जयाच्या दाढेला लागू पडली होती." दाढ कुठं, अंगठा कुठं! पण घेतली. चार दिवसांत अंगठ्याचं वांगं!

ऋचाला फोन केला. ती शांतपणे सांगते, "काका, आपण गिळलेलं औषध शरीरातून गटारात, तिथून नदीत जातं. जे जंतू तगतात, त्यांच्याकडे औषधाला न जुमानणारं जनुक असतं. ते शेजाऱ्याला देतात, भलत्याच कुळातल्या जंतूलासुद्धा. देणारा मेला तरी जनुक गाळात राहतं, दुसरा उचलतो." बघा! इथं सोसायटीत पार्किंगची वीतभर जागा कुणी देत नाही, आणि हे... ना ओळख, ना ना-हरकत दाखला!

तडक गेलो नदीचं खातं सांभाळणाऱ्या साहेबांकडे. मान वर न करता, "वाहतं पाणी आहे, साहेब!" अहो, पण वाहून जातं कुठं? खाली मांजरी गावच्या मळ्यांत! तिथली मेथी मार्केट यार्डात, आणि तिथून तुमच्या पिशवीत! "मग छापा की!" छापतोच! तर आमचे संपादक, "जनुक कोण वाचतंय? जलपर्णीचा फोटो आहे का?" म्हटलं, अंगठ्याचा आहे, घ्या पहिल्या पानावर!

शेवटी दवाखाना. पू तपासला. डॉक्टर सुनीतीबाई म्हणाल्या, "सोळा औषधं लावून पाहिली, चौदांना तुमचे जंतू बधले नाहीत. उरलेली दोन चालली नाहीत, तर अंगठा काढावा लागेल." चौदा! एवढा ठाम विरोध मी कुठल्या मंत्र्यालाही केला नव्हता!

पण मीही हटलो नाही. पलंगावर पडून लेखमालेचे तीन भाग लिहिले, भांडून तिन्ही छापायला लावले. दहा दिवस सुया टोचून घेतल्या आणि अंगठा वाचला! निघायच्या दिवशी प्रेमला सिस्टर जखम धुवत होत्या. सवयीनं विचारलं, "सिस्टर, हे पाणी कुठं जातं हो?"

"कुठं म्हणजे? मोरीत!"

मोरीतून गटारात, गटारातून मुठेत! म्हणजे चौदा औषधं पचवलेले माझे पहिलवान, मेलेले असोत की जिवंत, निघाले परत शेजाऱ्यांना शिकवायला!

आता चौथा भाग लिहायला बसलोय. आरोपी म्हणून माझंच नाव घालणार, सोडणार नाही... फक्त आरोपीची प्रतिक्रिया घ्यायला माझ्याच नंबरवर फोन केला, तर लाइन बिझी येते.