नियोजित स्टेडियमचा पाचवा नारळ

...अहो, स्टेडियम नाही कोण म्हणतं? आहे की आमच्या कॉलेजला स्टेडियम! अकरा वर्षं झाली, आहे. दिसत नाही एवढंच. कागदावर आहे, भाषणात आहे, पेपरात तर दर सहा महिन्याला आहे... 'नियोजित क्रीडासंकुल'! आमच्याकडं पाहुण्याला पत्ता सांगतानासुद्धा म्हणतात, नियोजित क्रीडासंकुलाला वळसा घालून या. आता वळसा कशाला घालायचा? नाही तिथं काहीच, सरळ या ना! पण नाही, माणसं घालतात वळसा.

तुम्ही म्हणाल, हा कोण सांगणारा? तुम्हाला सांगतो, मी आप्पासाहेब. 'आप्पा साऊंड सर्व्हिस', कोल्हारपासून आत आलं की पहिलंच गाव. लग्न असो, सभा असो, माइक माझा, भोंगे माझे. म्हणून मला हिशेब पक्का ठाऊक... ह्या स्टेडियमचं भूमिपूजन चार वेळा झालंय, अन् चारही वेळा 'हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग' मीच केलंय! पहिल्यांदा म्हणाले, दीड वर्षात उभं करतो. दुसऱ्यांदा नकाशा मोठा केला, त्यात पोहायचा तलाव घातला. अहो, आमच्या नळाला पाणी चार दिवसाआड, अन् पोहायचा तलाव! तिसऱ्यांदा तलाव काढला. चौथ्यांदा तर कुदळ आणायचीच विसरले, मग साहेबांनी, म्हणजे आमच्या भागातल्या पुढाऱ्यांनी, हातानंच माती उकरल्यासारखं केलं, फोटोपुरतं. अकरा वर्षांत तिथं एक वीट लागली नाही... नारळ मात्र फुटला, तुम्हाला सांगतो!

आणि दर नारळाला एक कोनशिला. चार चौथरे बांधलेत ओळीनं, त्यावर काळ्या दगडात नावं कोरलीत. आम्ही काय करणार? बसतो त्यांच्यावर! आमची प्रेक्षक गॅलरी ती. पहिल्या चौथऱ्यावर मी आणि सहादेव, म्हणजे आमचा रिटायर कंडक्टर. मुलींच्या कबड्डीचा एक सामना आम्ही दोघांनी चुकवलेला नाही. उन्हात बसतो, धुळीत बसतो, मान्यवरांची नावं पाठीला टोचतात तरी बसतो. सहादेवला अजून सवय, सामना सुरू झाला की ओरडतो, "चला, पुढं सरका, पुढं जागा आहे!" कुठं सरकायचं? पुढं मैदान!

आणि मैदान तरी कसलं? उतार! वरचं टोक कॉलेजकडं, खालचं ओढ्याकडं. अर्ध्या सामन्यात तुम्ही वर, अर्ध्यात खाली. बाहेरची टीम आली की बिचाऱ्यांना कळतच नाही, वरून खाली चढाईला आलेली पोरगी थांबतच नाही हो, थेट शेवटच्या रेषेपर्यंत जाते अन् बाहेर! त्या उतारावर आम्ही कितीतरी सामने जिंकलोत. पण ते तुम्हाला कुठून माहिती असणार? पेपरात आलं पाहिजे ना!

इथं खरं दुखणं आहे. आमच्या गावचा वार्ताहर ज्ञानेश्वर. पोरगा गुणी, झेरॉक्सचं दुकान चालवून बातम्या पाठवतो. पण बातमी कशी लिहितो? आधी मान्यवर! 'यांच्या शुभहस्ते', 'यांच्या अध्यक्षतेखाली', मग 'याप्रसंगी अमुक, तमुक, धमुक'... तीस-तीस नावं! म्हटलं, ज्ञानेश्वर, कोण जिंकलं ते आधी लिही की रे. तर मलाच शिकवतो, "आप्पा, नाव आलेला माणूस पेपरचे पाच अंक विकत नेतो. गुण कोण नेतं का घरी?" मग बातमी जाते नगरला, पेपरच्या कचेरीत. तिथं जागा कमी पडते. जागा कमी पडली की खालून कापतात. अन् खाली काय असतं? निकाल! गेल्या साली आमच्या पोरींनी करंडक आणला, बातमी काय, तर 'कबड्डी स्पर्धा उत्साहात संपन्न'! एकतीस नावं. सूत्रसंचालन कुणी केलं ते आहे, आभार कुणी मानले ते आहे, साहेबांनी नारळ फोडला ते फोटोसकट आहे... कोण जिंकलं, पत्ता नाही. सगळा सामना कापला, नारळ मात्र फुटला!

आता तुम्ही म्हणाल, नाही आलं तर नाही आलं, बिघडलं काय? बिघडलं ना! आमची कॅप्टन पूजा. तिचा बाप रखमाजी, त्याची पिठाची गिरणी. हा माणूस गिरणी सोडून जन्मात मैदानावर आलेला नाही, पण पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणार, चष्म्यावर पीठ असलं तरी वाचणार! अन् पेपरात नाही ते जगात नाही, असा त्याचा कायदा. गेल्या साली मी अंक घेऊन गेलो, म्हटलं, रखमाजी, लेक जिंकली. त्यानं बातमी वाचली. परत वाचली. मागची बाजूसुद्धा पाहिली! म्हणतो, "आप्पा, ह्यात पूजा कुठंय? पोरगी तीन वर्सं गुडघं फोडून घेतीया, अन् पेपरात नाव आभारवाल्याचं. म्हंजी हिचं खेळनं कोनाच्या खिजगणतीत न्हाई. ह्या साली नाव आलं तर खेळू दे पुढं, न्हाई आलं तर बास झालं. कॉम्प्युटरच्या क्लासला घालतो." पोरगी दाराआड उभी. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

आली ह्या सालची फायनल. आमच्याच मैदानावर, अन् समोर कोण? अकोले! म्हटलं, मेलो! अहो, आमचा सगळा जोर उतारावर, अन् ह्या पोरी डोंगरातल्या. वरून खाली पळत काय येत होत्या, थांबत काय होत्या! त्यातली एक सरावाच्या वेळी विचारते, "काका, तो उतार उतार म्हणतात, तो कुठंय?"

सामना तीनचा. साडेतीन झाले, चार झाले, पाहुण्यांचा पत्ता नाही. अन् पाहुण्यांनी नारळ फोडून मैदानपूजन केल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मरून जातील पण नारळाआधी पाय ठेवणार नाहीत! साहेब सकाळी कोल्हारला नदीवर दशक्रियेला, तिथून दोन साखरपुडे, तिथून कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या शोरूमचं उद्घाटन. फोन केला की एकच उत्तर, "निघाले, निघाले!" साडेचारला पण निघाले, पावणेपाचला पण निघाले. एवढ्या वेळात माणूस चालत आला असता हो! पंचबाई भडकल्या. "हे पाहा, सव्वासहाला अकोल्याची शेवटची गाडी आहे, अंधारात मी खेळवणार नाही. पाच वाजता सुरू झालं नाही तर सामना रद्द, करंडक दोघांत अर्धा अर्धा!" आता दिवे म्हणाल तर दिवेही नियोजितच! प्राचार्य घाम पुसतायत, ताटात नारळ, हळदकुंकू, उदबत्ती विझलेली. अन् ज्ञानेश्वर निवांत झाडाखाली बसून शेंगा खातोय. म्हटलं, बातमी? तर म्हणतो, "दुपारीच लिहून ठेवलीय आप्पा. साहेबांच्या शुभहस्ते. सहाच्या आत पाठवायची, बस्."

म्हणजे बघा! सामना झाला नाही तरी बातमी तयार. सामना झाला तरी तीच बातमी. अन् पूजा कशातच नाही! ती तिकडं रेषेवर उभी, बुटाच्या टोकानं माती उकरतेय. पाच वाजायला चार मिनिटं. अन् माझं डोकं फिरलं. माइक कुणाचा? माझा! उचलला. "हॅलो... हॅलो... सर्व क्रीडाप्रेमींना कळवण्यात आनंद होतो, की आजच्या मैदानपूजनाचे मान्यवर उपस्थित झालेले आहेत!" सगळी मान वळवून रस्त्याकडं बघायला लागली. गाडी कुठंय? गाडी कुठंय? म्हटलं, "रस्त्याकडं बघू नका, मैदानाकडं बघा! मी विनंती करतो, कुमारी पूजा रखमाजी बोऱ्हाडे यांना, की त्यांनी त्यांच्या शुभहस्ते श्रीफळ वाढवावं!"

प्राचार्य म्हणाले, "अहो आप्पा, हे काय..." तोवर सहादेव चौथऱ्यावरून ओरडला, "चला, पुढं सरका, मान्यवरांना वाट द्या!" अन् काय तुम्हाला सांगतो, ती पोरगी ताठ चालत आली. नारळ उचलला, डोळे मिटले, अन् हाणला चौथ्या कोनशिलेवर! असा हाणला, की पाणी थेट साहेबांच्या नावावर! चार वेळा साहेबलोकांनी फोडला तेव्हा तीन-तीन ठोके लागले होते हो, एकदा तर कोयता मागवला. हिनं एका ठोक्यात! मैदानावर असा आवाज उठला की माझ्या भोंग्याला लाज वाटली. नारळ फुटला, बरोबर पाचच्या ठोक्याला फुटला!

आता ज्ञानेश्वर पळत आला, शेंगांची टरफलं अंगावर. "आप्पा, घोळ केला तुम्ही! माझी बातमी खोटी पडली! आता मान्यवर कोण लिहू?" म्हटलं, ह्या सात जणी लिही. "अहो, नुसत्या नावाला कसं चालेल? नगरला विचारतात, पद काय, पद?" म्हटलं, हिचं पद कॅप्टन, ती अश्विनी डावा कोपरा, ही संस्कृती उजवा कोपरा, लिही! डोक्यावर उभा राहिलो त्याच्या, नावं घातल्याशिवाय हलू दिलं नाही.

अन् सामना! अरारारा! पहिल्या डावात आम्ही वर होतो, काही उपयोग नाही, अकोल्यानं बरोबरीत ठेवलं. दुसऱ्या डावात आम्ही खाली. शेवटचं मिनिट, आम्ही तीन गुणांनी मागं, शेवटची चढाई. पूजा निघाली चढावर. 'कबड्डी कबड्डी'... एकीला स्पर्श केला, अन् धरली ना पूजाला त्यांनी! त्याच एकीनं पाय, दुसरीनं कंबर, मग तिसरी, चौथी, पाचवी... पाच जणी अंगावर! सहादेवनं डोळे झाकले. मी माइकमध्ये काय बोललो मला आठवत नाही, गावातली माणसं सांगतात ते इथं सांगण्यासारखं नाही. पण अकोल्याच्या पोरी एक विसरल्या, चढावर गेलेल्या माणसाचं घर कुठल्या बाजूला असतं? उताराला! तो सगळा ढीग लागला की घसरायला! धूळच धूळ... पाच जणींनी धरलेली पूजा, पूजाला धरलेल्या पाच जणी, सगळं गाठोडं सरकत सरकत खाली, अन् त्या धुळीतून एक हात बाहेर आला, मधल्या रेषेवर टेकला! पंचबाईंची शिट्टी... पाचही बाद! पाच गुण! दोन गुणांनी जिंकलो हो आपण! मी रडलो. लपवत नाही, माइक चालू होता, चार गावांनी ऐकलं मी रडताना.

सहादेव तर मला मिठी मारून कानात काय म्हणतो? "आप्पा, हे स्टेडियम नको रे होऊ देऊ! झालं तर मैदान सपाट करतील!" अकरा वर्षं ज्याच्यासाठी उन्हात बसलो, ते एका मिनिटात नको झालं बघा. तेवढ्यात साहेबांची गाडीही आली. त्यांनी विचारलं, "नारळ कुठंय?" खोबरं पोरींनी कधीच खाल्लं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर पेपरचा गठ्ठा सुटायच्या आधी मी हजर. उघडला. पान पाच. 'नियोजित क्रीडासंकुलात मैदानपूजन उत्साहात'! 'कुमारी पूजा रखमाजी बोऱ्हाडे यांच्या शुभहस्ते'... पहिल्या ओळीत! फोटोसकट! मग 'याप्रसंगी डावा कोपरा अश्विनी, उजवा कोपरा संस्कृती', सातच्या सात, एकही कापली नाही. खाली 'ध्वनिव्यवस्था आप्पासाहेब यांनी पाहिली' हेसुद्धा! अन् सगळ्यात शेवटी, 'त्यानंतर झालेल्या चुरशीच्या अंतिम सामन्यात'... अन् संपलं! खाली लगेच जाहिरात, कांद्याचं रोप मिळेल.

पण मला काय त्याचं? नाव आलं! मी पळत गिरणीवर. तर रखमाजीनं गिरणी बंद ठेवलेली, अंगात धुतलेला सदरा, बाहेर खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बातमी वाचून दाखवतोय! मला पाहिल्यावर उठला, डोळे भरलेले. "आप्पा, शुभहस्ते लिवलंय हो माज्या लेकीला! शुभहस्ते! आता तिला वाटंल तितकी वर्सं खेळू दे, मी आडवा यायचा न्हाई." तुम्हाला सांगतो, करंडक मिळाला तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद झाला मला त्या क्षणी. पूजा बापाच्या मागं उभी, गुडघ्याला पट्टी, अन् अशी हसत होती की बघत राहावं.

मग रखमाजीनं पेढ्यांचा पुडा काढला. एक पेढा माझ्या हातावर ठेवला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, अन् हळूच मला म्हणतो, "आता सामना हारल्या पोरी, त्याचं काय वाईट वाटून घिऊ नगा. जिंकल्या आसत्या तर पेपरात आलं नसतं व्हय?"

मी तोंड उघडलं. पूजानं मागून मान हलवली, राहू द्या म्हणून. मग काय करणार? राहू दिलं. जिंकलेला माणूस मी, गावाच्या मधोमध उभा राहून हरल्याचा पेढा खाल्ला... अन् लाज सोडून दुसरा मागून घेतला!