दुपारी बाराचा नियम

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, ग्रंथालयांना फुकट सॉफ्टवेअर मिळावं म्हणून आपल्या सुट्ट्या घालवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या आपल्या मावळत्या समन्वयक, झाडूताई!

जुनं काही दिसलं की साफ करायचं, म्हणून हे नाव. मला बारा वर्षांत कोणी टोपणनाव दिलं नाही. असो.

ताईंचं कर्तृत्व काय? तर आपल्या सामायिक सर्व्हरचे नियम त्यांनी बदलले. जुने कोणी लिहिले होते? मीच! 'वापरायचा तर मला दुपारी बाराच्या आत पत्र पाठवा, एका दिवशी एकच माणूस.' पहिल्याच बैठकीत ताईंनी विचारलं, "काका, बाराच का?" सगळे हसले. मला असा राग आला म्हणून सांगू! अहो, तेव्हा तो सर्व्हर माझ्या घरी, आईच्या खोलीत होता. जेवण झालं की ती म्हणायची, "बंद कर रे ती घरघर," आणि आडवी व्हायची. पुढे सर्व्हर भाड्याच्या जागेत गेला, एकाचे सहा झाले. आईही गेली. नियम मात्र मी हलू दिला नाही. रोज पाच-सात जण मला विचारायचे ना, "परवानगी द्याल का?"

आता कोणी विचारत नाही. रांग आपोआप लागते, काम दुपटीनं होतं आणि टाळ्या ताईंना. स्पष्टच सांगतो, पोटात दुखतं हो माझ्या. नियम बदलायच्या मतदानात विरोधी मत एकच पडलं होतं. ते माझं.

त्यात नवं कलम: दोन वर्षं कोड न लिहिणाऱ्याचं खातं महिन्याची मुदत देऊन बंद. मी तीन वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती. म्हटलं, हा माझा काटा काढायचा डाव. मुदतीला चार दिवस उरले तेव्हा घाईघाईनं एक दुरुस्ती पाठवली. तासाभरात परत आली, दोन चुका दाखवून. चुका खऱ्या होत्या, हे जास्त लागलं. सुधारून पाठवली, मंजूर झाली. खाली ताईंनी लिहिलं होतं, "काका, छान. पुढची कधी?"

ताई, तुमची पहिली दुरुस्ती आठवते? तीन महिने उत्तर आलं नाही, तुम्हाला वाटलं पत्र हरवलं. हरवलं नव्हतं. तुम्ही माझ्याच कोडमधली चूक काढली होती, आणि बरोबर काढली होती. म्हणून मी ते दाबून ठेवलं.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं सांभाळून घ्यावं. त्या तीन महिन्यांचं मात्र, ताई, माफ करायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.