टोपी काही निघाली नाही

…आणि वर म्हणतात, टोपीच तर आहे! टोपीच? तुम्हाला सांगते, इथे अमेरिकेत, शॉमबर्गच्या आमच्या शाळेचा स्कॉटिश बँड आहे, बॅगपाइपवाला, त्यात मी छोटा ड्रम वाजवते, तोही शेवटच्या रांगेत, कारण माझ्यापुढे ब्रायनचा भलामोठा ढोल असतो आणि त्याच्याआड मी कुणालाच दिसत नाही. त्यासाठीच तर बँडमध्ये गेले!

चौकटीचा घागरा, लोकरीचे मोजे, ऐन मे महिन्यात… मला काही वाटलं नाही. पण टोपी! ग्लेनगॅरी म्हणतात तिला. गांधीटोपी काळी करा, वर लाल गोंडा लावा आणि मागे दोन काळ्या रिबिनी सोडा. सोडा म्हणजे लोंबत्या सोडा. पण हे आईला कोण सांगणार?

मेमोरियल डेच्या परेडला निघताना आई म्हणाली, “अगं उपासना, या रिबिनी अशा काय सुटल्यात? आमच्या नागपूरच्या शाळेत रिबीन सुटली की बाई वर्गाबाहेर उभं करायच्या!”

“मॉम, दे आर सपोज्ड टू…”

“मान हलवू नकोस!”

झालं! टोपी डोक्यावर, तेल केसांना, रिबिनी वेण्यांत. त्या आखूड पडल्या, म्हणून वेण्या दुमडून कानामागे वर घेतल्या आणि मारली गाठ. आईची गाठ! इंडियाला जाताना बॅगेच्या दोरीला मारते ना, तीच. मला काही वाटलं नाही. म्हणजे कानांच्या वर खरंच काही वाटत नव्हतं, इतकं घट्ट!

स्मारकापाशी बँड थांबला. आमचे बँडमास्तर मिस्टर मॅक्रे ओरडले, “हॅट्स… ऑफ!” युद्धात गेलेल्यांसाठी प्रार्थना होती हो, टोपी काढायलाच हवी. सगळ्यांनी काढल्या. मी ओढली. टोपीबरोबर वेण्या आल्या, वेण्यांबरोबर कातडी यायला लागली. पुन्हा ओढली. ब्रायन वळला. ब्रायन वळला म्हणजे ढोल वळला, आणि ढोल वळला म्हणजे… मी दिसले! अख्ख्या गावाला! त्या शांततेत आमच्या शेजारच्या सुलेखामावशी, खांद्यावर कॅमकॉर्डर, त्यांच्या मते अगदी हळू: “अगं ओढू नकोस, केस तुटतील!” आणि आई त्याहून हळू, म्हणजे रस्त्यापलीकडे जेमतेम ऐकू जाईल इतकं: “राहू दे गं! छान दिसतेय!”

मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्टर मॅक्रेंनी बोलावलं. वाटलं, आता काढणार बँडमधून. पण ते एवढे हळुवार बोलायला लागले की मला भीतीच वाटली! “आय अंडरस्टँड, उपासना. तुमच्या लोकांत डोक्यावरची टोपी काढत नाहीत. वी रिस्पेक्ट दॅट.” कोणाच्या लोकांत? आमच्या? मला फक्त म्हणायचं होतं, सर, गाठ सुटत नव्हती. सोपं वाक्य! पण मी तोंड उघडेपर्यंत ते पुढे म्हणाले, आपल्या बँडमध्ये एकाच माणसाला टोपी काढावी लागत नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही, ती जागा आजपासून तुझी. आणि माझ्या तोंडातून काय निघावं? “थँक यू, सर!” मग विचारलं, ती जागा कोणती?

झेंडा धरणाऱ्याची. हात मोकळे नसतात ना त्याचे!

तर चार जुलैच्या परेडला या बघायला. सगळ्यात पुढे, एकटी, मी. मला काही वाटत नाही… फक्त लपायला आता झेंड्याची काठी तेवढी आहे, आणि ती माझ्याहून बारीक आहे.