पिल्लं मोठी होईपर्यंत दाढ बंद

हॅलो? … हो वहिनी, मीच. तुमच्या बाबांचा फिल्टर माशांच्या टाकीतून काढला, कपाटात ठेवला, विषय संपला. … हॅलो? … कुठला फिल्टर? छे, काढलाबिढला नाही हो. कोण म्हणालं? … मी? आत्ता? … लाइन खराब असेल.

बरं, तुम्ही कशाला केला होता फोन? … दाढ? बाहेरची, पाटीवरची? … समोरच्या चष्मेवाल्याला काय उद्योग आहे का दुसरा? … हो, विझलीय. … नाही, बल्ब गेला नाही. मीच प्लग काढला. … कारण तिथे हवेचा पंप लावलाय. … हवेचा, वहिनी. स्पंजच्या फिल्टरला लागतो. … हो, म्हणजे… आता तोंडातून निघालंच आहे तर, हो. काढलाय तुमच्या बाबांचा फिल्टर.

अहो ऐका ना… ऐका तर… पाटीवरची दाढ विझली म्हणून लोकांच्या दाढा दुखायच्या थांबत नाहीत. मास्तर आलेच की! समोर बसलेत, गालावर रुमाल धरून. … मास्तर, सापडला ना दवाखाना? … मान हलवतायत. बोलता येत नाही त्यांना, पण मान एकदम स्पष्ट आहे.

… झालं काय म्हणजे? पिल्लं झाली! काळ्या मोलीला. … तीच, जिला डाएटवर ठेव म्हणत होता तुम्ही. सकाळी दवाखाना उघडला तर टाकीभर पिल्लं, तांदळाच्या कणीएवढी. चहा घेऊन आलो तर निम्मी. … मी कशाला खाईन? … हो, आईपण खाते, मान्य. पण आईला त्या दाट झाडांत शिरता येत नाही, पिल्लं लपतात. हा राक्षस फिल्टर झाडपाल्यासकट ओढतो!

नाही, थांबा. हे नीट ऐका. मी फिल्टर उघडला. आत शेपट्या होत्या, वहिनी. नुसत्या शेपट्या. … हं. … एक तेवढं हलत होतं. ते तुमच्या त्या तोंडात घालायच्या आरशावर उचललं आणि चूळ भरायच्या कपात ठेवलं. कपावर ‘पेशंट’ लिहिलंय, नाहीतर कुणीतरी चूळ भरायचं.

… धुतला हो आरसा. म्हणजे धुणार आहे.

… वेग कमी करून? सावकाश गिळलं तर ते गिळणं नाही का? … कापड? केलं की तेही! फिल्टरच्या तोंडाला तुमचा मास्क बांधला. थोड्या वेळात चोंदला, आणि फिल्टर असा घरघरायला लागला की मास्तरांच्या आधीच्या बाई ड्रिल समजून पळाल्या. … नाही आल्या परत.

… पाणी गढूळ नाही होत! अहो, पंप हवा सोडतो, बुडबुडे वर जातात, पाणी स्पंजातून हळूहळू ओढलं जातं. कचरा अडकतो, पिल्लू नाही. उलट स्पंजावर जे काही साचतं ते ती चरत बसतात, गाईसारखी. … नवा स्पंज लगेच पाणी साफ करत नाही, ठाऊक आहे. म्हणून जुन्या फिल्टरातला स्पंज टाकीतच सोडलाय शेजारी. त्यात जंतू असतात ना. … जंतू. … हो, दवाखान्यात. … चांगले जंतू, वहिनी! नळाखाली धुतले तर मरतात बिचारे. … नाही, अपॉइंटमेंट दिली नाही त्यांना.

… दुसरा प्लग कुठाय? एकावर फ्रिज, एकावर तुमची खुर्ची. पेशंट आडवा करायचा की दाढ पेटवायची, तुम्हीच ठरवा.

… माहितीये, बाबा येणार आहेत. … वाईट वाटेल तर वाटू दे! उद्घाटनाला भेट दिली म्हणून काय झालं? वाघ दिला असता तर तोही पेशंटांच्या बाकाला बांधला असता? … खोकून विषय बदलू नका. … तुम्ही नाही? मग कोण खोकलं? … वहिनी, गाडीत कोण आहे तुमच्या?

स्पीकरवर आहे?

कधीपासून? … राक्षसाच्या आधीपासून का नंतर?

नमस्कार काका. … हो, तोच मी, धाकटा. … म्हणालो, राक्षस म्हणालो. … नाही घेत मागे. … काका, ओरडू नका, पिल्लांना ऐकू… ठीक आहे, मला तरी जातंय. … फिल्टर वाईट नाही म्हणत मी. हॉटेलच्या कारंज्याला लावा, पोहायच्या तलावाला लावा, चार माणसं ओढली तरी मी बोलणार नाही. पण ही कणीएवढी आहेत तोवर या टाकीत नाही. … नाही. … तुमच्या मुलीचा दवाखाना आहे, कबूल. तरी नाही.

… हं, बोला वहिनी. … फिल्टर परत लावायचा, नाहीतर माझी नोकरी गेली? … बरं. काढा मग मला. पण दाढ कोण पेटवणार? तुमचे मास्तर उठून प्लगपाशी जाऊन उभे राहिलेत. एक हात गालावर, एक पंपावर. … मी नाही सांगितलं! मास्तर, बसा… बसत नाहीत. तुमचा पेशंट आहे, तुम्हीच बसवा.

… काय? पेट्रोलपंप? तो तर पार पुढे, वळण चुकलं तुमचं. … काका दाढेच्या खुणेवर वळतात का? … अरेरे. … हसत नाहीये मी. मास्तर हसतायत, दुखतंय त्यांना. … सांगतो, कुठून वळायचं ते सांगतो. कपातला पेशंट टाकीत सोडतो आधी. … गेला. … सरळ झाडांत शिरला, वहिनी! शहाणा आहे.

आता लिहून घ्या. … वळण नंतर, अर्ज आधी. सदर पिल्लं आईच्या तोंडात मावेनाशी होईपर्यंत सदर दाढ बंद ठेवण्यास, सदर फिल्टर कपाटात स्थानबद्ध करण्यास, आणि अर्जदार दिरास सदर पिल्लांचा पालक या नात्याने बालसंगोपनाची भरपगारी रजा, याच खुर्चीत बसून उपभोगण्याच्या अटीवर, मंजूर करण्यास आपल्या वडिलांच्या स्वाक्षरीनिशी मान्यता मिळावी, ही नम्र विनंती.