मागची चाकं तापतात

नाही हो, गाडी चालत नव्हती असं कोण म्हणतंय? चालायची! पण कशी, तर रुसलेल्या आत्याबाईंना हाताला धरून मांडवात आणावं तशी... ॲक्सिलरेटर दाबला की सरकायची, पाय काढला की जागच्या जागी थबकायची. एकदा विद्याधर नगरातून निघालो, तर एक ई-रिक्षा मला ओलांडून गेली. तिच्यात सात माणसं आणि एक कूलर! त्या कूलरला मिठी मारून बसलेल्या बाईंनी माझ्याकडे अशा काही दयेनं पाहिलं की मी काच वर केली.

तुम्हाला सांगतो, गाडी आमची पंधरा वर्षांची. मी विम्याच्या नोकरीत, कराडहून तीन वर्षांसाठी म्हणून जयपूरला बदली होऊन आलो, त्या तीन वर्षांची पंधरा झाली. वल्लरी, आमची मुलगी, जन्मली तेव्हा दवाखान्यातून घरी आली ती याच गाडीतून. आणि यंदा उन्हाळ्यात पंधरा वर्षं झाली म्हणून फिटनेस तपासणी आली, गुरुवारी! पास झाली तर आणखी पाच वर्षं, नाही तर भंगारात. लोक म्हणाले, नवी घ्या. मला नवी नकोय हो, मला हीच हवीय!

आधी वास यायला लागला, करपल्याचा. जयंती, म्हणजे आमची ही, म्हणते, "कुणाची तरी बाटी जळलीय." चालत्या गाडीत, तीन किलोमीटर, तीच बाटी? मग वल्लरी उतरली, मागच्या चाकाजवळ हात नेला आणि ओरडली, "बाबा, हे मतलब तवा झालंय!" पुढची दोन चाकं थंडगार, मागची दोन्ही तापलेली. पुलाच्या उतारावर न्यूट्रल टाकून पाहिलं... उतारावर हो! गाडी उभीच. मागे हॉर्नची रांग.

गेलो तिघंही मालवीय नगरात, बनवारीजी मेकॅनिककडे. बनवारीजी म्हणजे मोठा माणूस, माणसाशी बोलण्याआधी गाडीची तब्येत विचारणारा. मागची बाजू जॅकवर चढवली, चाक हातानं फिरवलं, फिरेना. म्हणाले, "साहब, ब्रेक छोड़ नहीं रहा." हे मलाही कळत होतं. "व्हील सिलेंडर जाम होगा." बदलला. तरी तेच! "तो फिर शू घिस गए होंगे." ब्रेकशू बदलले, नवे, जाडजूड... आता तर चाक आधीपेक्षा घट्ट! पहिल्यांदा निदान कुरकुरत फिरायचं, आता तेही नाही. बनवारीजी गाडीखाली शिरले. मग खालूनच आवाज, "साहब, गाड़ी आपकी अच्छी है, बस चलना नहीं चाहती." गुरुवारला दोन दिवस राहिले होते.

आणि इथे तुम्हाला एक सांगायला हवं. आमच्या गाडीच्या मीटरच्या काचेवर एक गणपती आहे, स्टिकर, जयंतीनं चिकटवलेला. मागच्या वर्षीच्या दसऱ्यापासून त्या गणपतीच्या मागे लाल प्रकाश दिसायचा. जयंती रोज नमस्कार करून म्हणायची, "बघा, कसं तेज आलंय!" मीही नमस्कार करायचो. सकाळी ऑफिसला जाताना, संध्याकाळी येताना... आठ महिने!

तर त्या दिवशी बनवारीजी खालून बाहेर आले, सीटवर बसले, चावी फिरवली, गणपतीला हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच राहिले. "साहब, ये बाप्पा के पीछे जो जल रही है ना... वो हैंडब्रेक की बत्ती है."

सगळ्यांच्या माना एकदम खाली वळल्या. हँडब्रेकला पंधरा धागे! दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली की एक धागा, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, बुडाशी असं गाठोडं झालेलं की दांडा पूर्ण खाली बसतच नव्हता. दोन खटके वरच! म्हणजे मी आठ महिने हँडब्रेक ओढून जयपूर फिरत होतो. मी बनवारीजींना विचारलं, तुम्हाला आधी दिसलं नाही? तर कानाला हात लावून म्हणतात, "दिखा था जी, पर भगवान का मामला... मैंने सोचा, हाथ न लगाऊँ."

कापायचं नाही, हे जयंतीनं आधीच जाहीर केलं. बसली पुढच्या सीटवर, एकेक गाठ नखानं सोडवत, वल्लरी सुटलेले धागे ओंजळीत धरून, बनवारीजी अनवाणी बाजूला उभे. चौदा सुटले. शेवटचा राहिला, हळदीचा, त्यात बांधलेली एक सुपारी.

तो आईचा.

गाडी घेतली त्या वर्षी आई कराडहून दसऱ्याच्या पूजेला आली होती. तिनं दांड्याला हात लावून विचारलं, "नीलकंठ, हे रे काय?" म्हटलं, हे ओढलं की गाडी थांबते. "मग यालाच बांधते. पळायचं काय, पळेल ती. परमुलखात वेळेवर थांबली म्हणजे झालं." आई जाऊन आठ वर्षं झाली. जयंतीनं माझ्याकडे पाहिलं. "हाही सोडवू?"

"तो राहू दे," मी म्हणालो. एवढंच.

बनवारीजींनी दांडा दाबून पाहिला. एक खटका अजून वरच. दोन मिनिटं विचार केला, पुन्हा गाडीखाली शिरले आणि आईच्या सुपारीपुरती हँडब्रेकची केबल ढिली केली. चाक हातानं फिरवलं, फिरत राहिलं... बघत राहावंसं वाटलं. गुरुवारी तपासणीवाल्यानं हँडब्रेक ओढला, चढावर गाडी जागची हलली नाही. म्हणाला, "ब्रेक तो कमाल के हैं!" पास!

आता काल दसरा झाला. जयंती धागा घेऊन गाडीत बसली. मी म्हटलं, अगं, या वेळी दुसरीकडे बांध, स्टिअरिंगला बांध, आरशाला बांध. तिनं एकेकाला हात लावून विचारलं, "यानं काय होतं? आणि यानं?" सांगितलं. मग म्हणते, "ते सगळं ठीक आहे हो. यातलं थांबवणारं कोणतं?"

मी हँडब्रेककडे बोट दाखवलं.