शेजारच्या आजींचा गार्नेटचा ब्रोच

हॅम्बर्गच्या आमच्या शेजारच्या आजींचा गार्नेटच्या ब्रोचची गोष्ट सांगितली का तुम्हाला? त्यांच्या आजीपासून आलेला, पण खडे अजून डाळिंबाच्या दाण्यांसारखे. दिवाळीला साडीवर लाव म्हणून त्यांनी मला दिला.

सासूबाईंनी तो रिठ्याच्या पाण्यात धुवायला घेतला. "अगं, मागच्या काचेखाली केस अडकलेत," म्हणत काच उघडून ते कचऱ्यात टाकलेही.

मी आजींना बोलावून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या आईचे होते. ती गेल्यावर आठवण म्हणून ठेवलेले."

ताटात केस निघाला तर उठून जाणाऱ्या सासूबाईंनी कचऱ्याचा डबा जमिनीवर उपडा केला. तासाभराने ते सोनेरी केस सापडले. त्यांत सासूबाईंचा एक पांढरा केस गुंतला होता. मी तो काढायला गेले.

"नाइन, नको, राहू दे," म्हणत आजींनी ते केस तसेच ठेवून काच बसवली.